इडलीपात्राला हार

लग्नाकार्यात कोणी विचारलं, “हल्ली काय करतेस गं?” तर मी सांगते, “चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडते.” त्यावर पुढचा प्रश्न बहुतेक वेळा “आणि जेवलीस का?” असा असतो. माझ्या एका चुलतसासूबाईंनी मात्र आस्थेने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी मुलाची स्कूटर पीयूसीसाठी माझ्याकडे पाठवून दिली. तेव्हापासून मी सविस्तर सांगते. सविस्तर सांगितलं की लोक आपणहून आइस्क्रीमकडे वळतात.

सविस्तर म्हणजे असं. शहाडच्या पलीकडे आमचा रसायनांचा कारखाना आहे. बॉयलरचा धूर चिमणीतून बाहेर पडण्याआधी आम्ही तो एका उंच मनोऱ्यातून नेतो. मनोऱ्यात वरून एक द्रावण ठिबकत असतं. ते धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन वाफेने तापवायचं, की ते वायू सोडून देतं आणि पुन्हा कामाला मोकळं होतं. सुटलेला वायू सोडावॉटरवाले आणि सुका बर्फवाले घेऊन जातात. यात पकडणं सोपं असतं. सोडवणं महाग, कारण वाफ लागते. शेजारणीला डबा भरून देणं आणि तो रिकामा डबा परत मिळवणं, यात जेवढा फरक आहे तेवढाच.

तर वाफ फार लागते, असं मुख्य कार्यालयाचं म्हणणं होतं. त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर वाफ ठरल्याइतकी कमी झाली तर युनिट इथे राहील, नाहीतर ते उचलून कंपनीच्या गुजरातमधल्या कारखान्यात जाईल आणि त्याच्याबरोबर मीही जाईन. युनिट नटबोल्ट काढून नेतात, माणसाला ईमेल पुरतो.

मला डोंबिवली सोडायची नव्हती. यात हळवं काही नाही. भाजणी किती जाडसर हवी हे न सांगता कळणारा गिरणीवाला, दाढ काढताना राजकारण न बोलणारा दाताचा डॉक्टर आणि ब्लाउजची बाही सांगितली तेवढीच शिवणारा शिंपी ही तीन माणसं एका गावात जमवायला माझं निम्मं आयुष्य गेलं होतं. उरलेल्या निम्म्यात दुसऱ्या गावात पुन्हा सुरुवात करायची माझी तयारी नव्हती. नवरा ठाण्याच्या एका बँकेत. त्याला विचारलं तर म्हणाला, “तू ठरव. मला कुठेही चालेल.” असल्या माणसाशी भांडताही येत नाही.

वाफ कमी करायला आम्ही कोलशेतच्या एका छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. ठिकठिकाणी सेन्सर बसवायचे, त्यांच्या आकड्यांवरून संगणकात आमच्या युनिटची हुबेहूब जुळी प्रतिकृती चालवायची आणि त्या प्रतिकृतीने खऱ्या युनिटला सांगायचं, की बाई, आत्ता वाफ थोडी कमी चालेल, पंखे थोडे जास्त लागतील. ते बसवायला त्यांची एक इंजिनीअर आली. तिशीतली, हुशार, ठाण्याची. आत्मविश्वास एवढा, की गेटवरच्या सुरक्षारक्षकाने तिलाच सलाम ठोकला आणि मला ओळखपत्र विचारलं.

आमच्याकडचे मुख्य ऑपरेटर दादा हे दुसरं टोक. जवळच्याच गावचे आगरी. शेतं गेली, तिथे इमारती आल्या. त्यातल्या दोन दादांच्या. कामावर माझ्या गाडीपेक्षा दुप्पट मोठ्या गाडीतून यायचे. “दादा, तुम्हाला नोकरीची गरज काय?” असं मी एकदा विचारलं होतं. “घरी बसून काय करू मॅडम? बायको काम सांगते,” म्हणाले.

सॉफ्टवेअरने पहिल्या दिवशी पडद्यावर सल्ला दिला, “वाफ कमी करावी.” खाली दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य. दादांनी अमान्य दाबलं. पुन्हा सल्ला आला. पुन्हा अमान्य.

“काका, निदान वाचा तरी,” इंजिनीअर म्हणाली.

“वाचला ना, म्हनून तर दाबला. काल आलेला कंप्युटर मना वाफ शिकवनार?”

शेवटी मी मधे पडले आणि दोन्ही बटणं काढून टाकायला लावली. सॉफ्टवेअर आपलं आपण चालू लागलं. दादांची एकच अट होती, की जे काही सांगायचं ते मराठीत सांगायला हवं. इंजिनीअरने कुठल्याशा यंत्राकडून सगळे संदेश भाषांतरित करून घेतले. तेव्हापासून आमचं सॉफ्टवेअर हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं बोलू लागलं. “पंप क्रमांक दोनचा आवाज वाढला आहे. कृपया नोंद घ्यावी.” पण काम चोख करत होतं. नवरात्र बसेपर्यंत वाफ उतरणीला लागली होती आणि मी शिंप्याकडे दोन नवे पीस टाकून आले होते.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. बॉयलरला हार, पंपांना हार, कॉम्प्रेसरला हार, फोर्कलिफ्टला हार आणि केळीचे दोन खुंट. पाने-पक्कड पाटावर मांडतात. नारळ युनिटप्रमुख फोडतो, म्हणजे मी. सगळं झाल्यावर दादा इंजिनीअरकडे वळले.

“बाय, यो तुझा कंप्युटर, याला हार कुठं घालाचा?”

“काका, तो इथे नाहीये. तो क्लाउडवर आहे.”

“म्हंजे कुठं?”

“म्हणजे... कुठेतरी सर्व्हर असतो. हैदराबाद असेल किंवा सिंगापूर.”

“तुलाच ठाव नाय?”

“नक्की नाही.”

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलीला न बघितलेल्या घरी देते आहे. “पयला दसरा हाय त्याचा. त्याला तसाच ठेवाचा? सगळ्यांना हार, न नवीन आला त्याला नाय?”

मुद्दा बरोबर होता. घरात नवीन आलेल्याचे पहिल्या वर्षीचे सण आपण साजरे करतोच. इंजिनीअरने स्वतःचा लॅपटॉप पुढे केला. त्याच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं लागली. पण लॅपटॉपला हार घातला तर झाकण उघडता येत नव्हतं, आणि ते उघडलं नाही तर त्यावर ती काम कशी करणार? मग तिलाच आठवलं. म्हणाली, “काका, बाहेर तो खांबावरचा सेन्सर आहे ना, बाहेरच्या हवेचा? ते त्याचं नाक समजा.”

हा सेन्सर म्हणजे एका खांबावर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा. उन्हाचा थेट चटका लागू नये आणि हवा खेळती राहावी म्हणून त्याची रचना तशी असते. सगळे त्याला इडलीपात्रच म्हणायचे. दादांनी त्या इडलीपात्राला झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घातला, आंब्याचा टाळा खोचला, आपट्याचं पान ठेवलं. मी नारळ फोडून पाणी शिंपडलं. सगळ्यांनी हात जोडले, इंजिनीअरने फोटो काढून आपल्या ऑफिसला पाठवला. तिकडून नमस्काराचे हात आले.

दादा एवढ्यावर थांबले नाहीत. पहिलं वर्ष आहे म्हणून दिवाळीपर्यंत रोज ताजा हार, असं त्यांनी ठरवून टाकलं. गेटवरच्या गणपतीचा हार रोज तेच आणत, आता सोबत दुसरा येऊ लागला. ऑक्टोबरचं ऊन, फुलं कोमेजू नयेत म्हणून सकाळी घालताना ते त्यावर बाटलीभर पाणीही ओतत.

आणि सॉफ्टवेअर बिघडलं.

आधी पंखे मंदावले. द्रावण वायू धरायला गार असावं लागतं, म्हणून पहिल्या मनोऱ्यात परत जाण्याआधी ते एका कूलरमधून जातं आणि मोठे पंखे त्यावर बाहेरची हवा मारतात. बाहेर अंगाची लाही होत असताना सॉफ्टवेअरने पंखे मनाली-महाबळेश्वरला असल्यासारखे हळू केले. द्रावण कोमट राहिलं, वायू कमी धरू लागलं. मग सॉफ्टवेअरने जास्त द्रावण फिरवलं, त्याला सोडवायला जास्त वाफ घेतली आणि आमचा आलेख उतरणीवरून घाट चढू लागला. वर संदेश आला, “बाहेरील हवा आल्हाददायक असूनही द्रावण गरम आहे. कूलर अस्वच्छ असावा. कृपया स्वच्छता राखावी.”

कूलर धुतला. माणसं घामाने निथळत होती. दुसऱ्या दिवशी संदेश, “कूलर अद्याप अस्वच्छ आहे.”

“याची आई सुगरन होती काय?” धुणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. “किती घासाचा?”

पुन्हा धुतला. मी स्वतः आत टॉर्च मारून पाहिलं. माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ होता. तिसऱ्या दिवशी, “वारंवार विनंती करूनही कूलरच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष होत आहे.” यानंतर आता दंड लावेल असं मला वाटलं.

इंजिनीअरने आलेख काढले. बाहेरचं तापमान रोज सकाळी एकदम पडत होतं आणि दुपारी हळूहळू चढत होतं. दोन दिवस विचार करून ती माझ्याकडे आली. “मॅडम, सापडलं. उल्हास नदीवरून सकाळी गार वारा येतो. फक्त या पट्ट्यात. सूक्ष्म हवामान.”

“मी इथे बारा महिने येते. मला कधी नाही लागला.”

“तुम्ही एसीत असता ना मॅडम.”

हे खरं होतं. तिने त्यावर रंगीत नकाशा असलेलं सादरीकरण केलं. निळे बाण नदीकडून निघून आमच्या युनिटवर येत होते. शेजारच्या कारखान्याला ते व्यवस्थित वळसा घालून जात होते. हे मला खटकायला हवं होतं, पण मी तो नकाशा मुख्य कार्यालयाला पाठवूनही दिला.

दादांचं निदान वेगळं होतं. नजर लागली. त्यांनी हाराच्या खाली लिंबू-मिरची बांधली.

आता कोणीही विचारेल, की एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना हार दिसला नाही का? दिसला की. रोज दिसत होता. मी येताजाता नमस्कारही करत होते. पण यंत्राला घातलेला हार ही आमच्याकडे वस्तू नसते. तो तिथे असतोच. कपाळावरच्या कुंकवाचं वजन कोणी करतं का? इंजिनीअरने सेन्सर तपासायचा म्हणून खांबापाशी जाऊन वायर पाहिली, जोडणी पाहिली, हार जरा बाजूला करून आत डोकावली आणि हार पुन्हा नीट बसवून, हात जोडून परत आली. दादाही त्या खांबापाशी रोज उभे राहायचे. म्हणायचे, “हितं जरा बरा वाटते.” वाटणारच. ओल्या झेंडूचा चांगला वाळ्याचा पडदा झाला होता.

दिवाळी जवळ आली. मुख्य कार्यालयातून फोन आला, की गुजरातची मंडळी पाया घालायला सुरुवात करू का विचारतायत. मी म्हटलं, “थांबा जरा.” थांबून काय करणार होते, मलाही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात, एका सकाळी, मी आणि इंजिनीअर नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलो होतो. नेहमीप्रमाणे बाहेर ‘आल्हाददायक’ होतं. आणि बघता बघता तापमानाचा आकडा चढू लागला. एक अंश, दोन अंश, मग सरळ वर, लिफ्टसारखा. पंखे धावू लागले. द्रावण गार होऊ लागलं. वाफेचा काटा खाली झुकला. पडद्यावर आलं, “हवामानात बदल झाला आहे. कूलर स्वच्छ केल्याबद्दल आभार.”

“कोणी धुतला?” इंजिनीअरने विचारलं.

“कोणी नाही.”

“मग नदीचा वारा थांबला!”

ती वारा बघायला बाहेर धावली. वारा बघता येत नाही हे सांगायला मी तिच्यामागे. खांबाजवळ चुन्याच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. थप्पीवर मागचे दोन पाय, खांबाला टेकलेले पुढचे दोन, अशी एक पांढरी-काळी बकरी उभी होती. हार संपला होता. आपट्याचं पान संपलं होतं. तोंडातून दोरा लोंबत होता आणि ती लिंबाचा विचार करत होती.

इंजिनीअरने बकरीकडे पाहिलं. इडलीपात्राकडे पाहिलं. मोबाइलवर चढलेल्या आकड्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यातले निळे बाण एकेक करून गळताना मला दिसत होते.

“मॅडम, म्हणजे नदीचा वारा...”

“बकरीने खाल्ला,” मी म्हटलं.

तेवढ्यात दादा आले. बकरी पाहून पहिलं वाक्य, “आमचे भावाची हाय. भिंतीला भोक हाय मागं.” दुसरं, “थांबा, मी दुसरा हार आनतू.”

“दादा, नको!” आम्ही दोघी एकदम.

मी त्यांना समजावलं. ओला हार म्हणजे ओलं फडकं. सॉफ्टवेअरला वाटलं जगभर गारवा आहे, म्हणून त्याने पंखे हळू केले. दादांनी शांतपणे ऐकलं, पटलंही. पण पटणं आणि मानणं वेगळं.

“दिवाळीपर्यंत घालाचा बोललो ना मी. बोलला तो बोलला. मधी नाय सोडाचा.”

“काका, मग त्याचा फोटो काढून कंट्रोल रूममध्ये लावू आणि फोटोला घाला.”

दादा आणि मी दोघांनीही कपाळाला हात लावला. “जित्याचे फोटोला हार? काय गो बाय तू! डोका ठिकानावर हाय ना तुझा?”

“खांबाच्या खाली घाला मग.”

“देवाचा हार पायात?”

युनिट गुजरातला जाणार की राहणार, हे आता एका झेंडूच्या हारावर ठरणार होतं, आणि दादांचा शब्द मोडून काम होणार नव्हतं. मी त्यांना ओळखते. मी हार काढला असता, तर माझी पाठ वळताच त्यांनी दोन घातले असते. मग मला देऊळ आठवलं. गाभाऱ्यातला मूळ देव जागचा हलत नाही. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती, हारतुरे, अबीरगुलाल सगळं तिला. मूळ देवाला ते पोचतं. कोणी तक्रार करत नाही.

“जादाचा सेन्सर आहे ना तुझ्याकडे?” मी इंजिनीअरला विचारलं.

“स्पेअर? आहे की. खोक्यात.”

“तो काढ. दुसऱ्या खांबावर लाव. वायर जोडू नकोस.”

“मग तो काय करणार?”

“काही नाही. बसेल. दादा, ही उत्सवमूर्ती. हार हिला.”

दादांनी बराच विचार केला. मग म्हणाले, “आंगावर पानी ओतला तर चालंल?”

“बादलीभर ओता.”

त्या दिवसापासून दोन खांब झाले. एक इडलीपात्र काम करत होतं आणि दुसरं नटून बसलेलं. अशी विभागणी कुठल्याही ऑफिसात असते. वाफ खाली आली, ठरल्याच्याही खाली, आणि रोज तिथेच राहिली.

प्रश्न उरला तो मधल्या वाईट दिवसांचा. ते धरले तर सरासरी नापास, सोडले तर पास. सोडायचे तर कारण द्यायला हवं. इंजिनीअरने अहवालात लिहून आणलं, “स्थानिक वनस्पतिजन्य आच्छादनामुळे मापनात आलेला व्यत्यय.” मी ते खोडलं आणि लिहिलं, “सेन्सरला झेंडूचा हार घातला होता. तो बकरीने खाल्ला.” ती म्हणाली, “मॅडम, हसतील.” मी म्हटलं, “हसू दे. नदीचा नकाशाही मागे घ्यायचाय.”

हसलेच. व्हिडिओ बैठकीत मुख्य कार्यालयातले साहेब, एका चौकटीत आम्ही, दुसऱ्या चौकटीत गुजरातच्या कारखान्याचे प्रमुख. सगळ्यात जास्त ते हसले. डोळे पुसत म्हणाले, “साहब, यूनिट हमें दे दीजिए. हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं होगा.”

गिरणी, दाढ, बाही, सगळं माझ्या डोळ्यांपुढून जाऊ लागलं.

साहेबांनी सहज विचारलं, “आपके यहाँ दशहरे की पूजा नहीं होती?”

“होती है ना साहब!” प्रमुखांना अपमान वाटला. “इनसे बहुत अच्छी होती है. हम हार-वार नहीं, हम तो एक-एक मीटर को तिलक करते हैं. देखिए.” आणि त्यांनी कॅमेरा वळवला. मागच्या भिंतीवर दाबाचे मीटर होते, गोल, ओळीने. प्रत्येकाच्या काचेवर बरोबर मधोमध कुंकवाचा मोठा टिळा आणि त्यावर तांदूळ चिकटवलेले.

साहेब पुढे वाकले.

“ये काटा दिखता कैसे है?”

“अंदाज से, साहब.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मराठीत मला म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे निदान बकरी आहे.” वाईट दिवस वगळले. युनिट शहाडलाच राहील असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. गुजरातच्या प्रमुखांचा कॅमेरा अजून मीटरांवरच होता. त्यांना तो परत वळवता येत नव्हता.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, “नाही जायचं. राहिलो इथेच.”

तो सोफ्यावर मोबाइल बघत होता. “अरे वा,” म्हणाला. पण ते ‘अरे वा’ नीट निघालं नाही.

“काय झालं?”

“काही नाही.”

“सांग ना.”

“अगं, मी तिथल्या शाखेत बोलून ठेवलेलं. क्वार्टरच्या खालीच फाफड्याचं दुकान आहे म्हणे. सकाळी सहाला गरम काढतात.” त्याने मोबाइल माझ्याकडे फिरवला. पडद्यावर त्या दुकानाचे फोटो होते. बरेच.

इतक्या वर्षांत या माणसाला प्रथमच कुठेतरी जावंसं वाटलं होतं, आणि मी ते एका बकरीच्या मदतीने हाणून पाडलं होतं. मी पर्स खाली ठेवलीच नाही.

“चप्पल घाल,” मी म्हटलं. “फडके रोडच्या मागच्या गल्लीत एकजण करतो. बघू गरम मिळतात का.”

“संध्याकाळी कुठले गरम गं?”

“मग थंड खा. पण चल.”